सुतळीच्या मापाचा कूलर

“यांना कोणता हवाय?” दुकानदारानं विचारलं.

प्रश्न माझ्याबद्दल होता आणि विचारला होता दादाला. याची मला सवय होती. माणसाचे डोळे गेले की लोकांना वाटतं, त्याचे कानही थोडेफार गेलेच असतील. हॉटेलात वेटर दादाला विचारायचा, “यांना साखर चालते का?” कटिंगवाला विचारायचा, “यांचे किती बारीक करू?” आणि दादा माझ्या वतीनं सगळी उत्तरं द्यायचा. साखर चालते. जास्त बारीक नको.

आताही त्यानं उत्तर दिलं. “प्रोसेसरवर बसवायचा कूलर पाहिजे. याचा कॉम्प्युटर तापतो आणि बंद पडतो.”

“साहेब काम काय करतात? गाणीबिणी ऐकतात का?”

“मी पुस्तकं रेकॉर्ड करतो,” मी म्हणालो. “आणि शेठ, जे विचारायचं ते मला विचारा. कूलर माझ्याच टेबलावर बसणार आहे.”

काउंटरच्या पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला. “बसा साहेब, बसा,” शेठ म्हणाले. या वेळी आवाज माझ्या दिशेनं आला होता.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता, शनिवारची दुपार. दादानं मला मोटारसायकलवर मागे बसवून भुसावळहून जळगावला आणलं होतं. रस्ताभर वारा असा लागत होता, की कुणी तव्यावरून हात फिरवून तो आपल्या गालाला लावतंय. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. सोळाव्या वर्षापासून नजर बाजूंनी आक्रसत आली आणि विसाव्या वर्षी पूर्ण गेली. डोळ्यांच्या पडद्याचाच आजार, त्यावर इलाज नव्हता. आईवडील त्याच सुमारास पाठोपाठ गेले. राहिलो मी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला लीलाधरदादा आणि प्रमिलावहिनी. दादा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होता. इंजिनांचे नटबोल्ट आवळून त्याचे तळवे असे झाले होते, की खांद्यावर हात ठेवला तरी शर्टाच्या आतून खरखर जाणवायची.

त्या हातांनी तो माझं सगळं करायचा. बुटांच्या नाड्या मला येत होत्या तरी तो बांधायचा. ताटातल्या वाट्या कुठे आहेत ते रोज सांगायचा, जणू वहिनी त्या रोज नव्या ठिकाणी ठेवत असत. मी काही करायला उठलो की त्याचं एक वाक्य ठरलेलं असे. “तू राहू दे, मी करतो.”

त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा स्वतःचं म्हणावं असं काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली होती. पुण्याची एक संस्था अंध विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं आवाजात उतरवून घ्यायची. त्यांना वाचणारे हवे होते. मी कसा वाचणार, असं कुणालाही वाटेल. माझी पद्धत अशी होती, की एका कानात इअरफोन घालायचा, कॉम्प्युटर त्यात मजकूर बोलत जाणार आणि मी त्याच्या अर्ध्या वाक्याच्या मागे राहून, माझ्या आवाजात, माझ्या चढउतारांनी बोलत जाणार. दोन वर्षं मी हे घरच्या घरी घोटलं होतं. नमुना म्हणून बारावीच्या भूगोलाची वीस पानं वाचून पाठवली. चार दिवसांनी संस्थेतल्या बाईंचा फोन आला.

“तुमचं वाचन स्वच्छ आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण मागे सारखी पिठाची गिरणी चालू असल्यासारखं वाटतं. मुलं तासन्‌तास ऐकणार, त्यांची डोकी उठतील. तेवढं काढून सोमवारपर्यंत पुन्हा पाठवाल? मंगळवारी आम्ही नावं ठरवतोय.”

ती गिरणी म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा पंखा. कंपनीतून आलेला, तळहाताएवढा. रेकॉर्डिंग करताना खोलीतला मोठा कूलर बंद करावा लागे, नाहीतर त्याच्या पाण्याचा आवाज येई. कूलर बंद झाला की दहा मिनिटांत खोलीची भट्टी होई. मग तो छोटा पंखा जिवाच्या आकांतानं फिरू लागे. आणि एवढं करूनही प्रोसेसर तापायचा तो तापायचाच. तिसऱ्या-चौथ्या पानाला सगळा कॉम्प्युटरच खटकन बंद पडे. वीस पानांचा नमुना मी सात तुकड्यांत जोडला होता.

दुसरीकडे दादानं माझ्यासाठी त्याच्या ओळखीच्या पतपेढीत फोन उचलायची जागा बघून ठेवली होती. “घरापासून चार इमारती सोडून आहे,” तो म्हणायचा. “मी सोडीन आणि मीच घेऊन येईन.” जूनपासून जायचं होतं. पुण्याचं जमलं नाही तर जाईन, असं मी कबूल केलं होतं.

तर, जळगावच्या त्या दुकानात शेठनी पहिला डबा काउंटरवर ठेवला. शेठचं नाव जगवानी.

“हा घ्या. एकदम टॉप. दोन पंखे, आणि यात सात रंगांचे दिवे लागतात, साहेब. गाण्याबरोबर रंग बदलतात.”

दादा खाकरला. मला हसू आलं. “शेठ, दिवे लावून मी काय करू?”

“अरे हां,” शेठ ओशाळले. “पण थंड चांगला करतो.”

“करत असेल. डब्यातून काढून हातात देता का?”

तो विटेएवढा जड होता. मी खिशातून सुतळी काढली. घरून निघण्यापूर्वी मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडलं होतं आणि प्रोसेसरपासून झाकणापर्यंतचं अंतर सुतळीवर घेऊन तिथे गाठ मारली होती. सुतळी कूलरच्या कडेला धरली. कूलर गाठीच्या दोन बोटं वर गेला.

“बसणार नाही. झाकण लागायचं नाही.”

“मग झाकण उघडं ठेवू,” दादा म्हणाला. “त्यात काय. हवाही खेळती राहील.”

“झाकण उघडं राहिलं तर आतला सगळा आवाज माइकमध्ये येईल, दादा.”

“पण हा चांगला दिसतोय रे. पैशाचं तू बघू नको, मी देतो.”

“माझ्याकडे आहेत. मला मोठा नकोय, माझ्या डब्यात मावणारा हवाय.”

दादानं श्वास सोडला. तो श्वास मला चांगला ओळखीचा होता. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं की मोटारसायकल गेटात आडवी आहे, आणि दादा जिना उतरून गेला. जाताना शेठना म्हणाला, “याला जरा बघा.”

शेठनी आत हाक मारली. “नजमा, ते छोटे टॉवरवाले दोन-तीन घेऊन ये गं. आणि तूच दाखव साहेबांना, तुला जास्त कळतं.”

नजमा तडवी दुकानाच्या मागच्या टेबलावर दुरुस्तीचं काम करायची. तिच्याबरोबर सोल्डरचा धूर आणि वेलचीचा वास आला. तिनं तीन कूलर माझ्यासमोर ओळीनं मांडले आणि एकदाही मोठ्यानं बोलली नाही, ही गोष्ट मला फार आवडली. मला ऐकू येत नसल्यासारखे बरेच लोक ओरडून बोलतात.

“भाऊ, तिन्ही हजार-दीड हजारांच्या आतले आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही हात लावून बघा.”

मी बघितलं. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चवड, तिच्यातून आरपार गेलेल्या तांब्याच्या नळ्या, एका अंगाला पंखा. पहिल्यात दोन नळ्या होत्या, बाकीच्या दोघांत तीन-तीन. नळ्या जितक्या जास्त तितकी उष्णता वर लवकर जाते. आठवडाभर इंटरनेटवर मी हेच ऐकत होतो. दोन नळ्यांचा मी बाजूला सरकवला. राहिलेले दोन्ही सुतळीच्या गाठीच्या आत बसत होते.

“हे चालू करून ऐकता येतील का?”

“चालू?” शेठ मध्येच म्हणाले. “साहेब, डबा फोडला की...”

“मी लावते, शेठ,” नजमा म्हणाली. “माझ्या टेबलावरच्या बोर्डाला. पंखाच तर फिरवायचाय.”

मला तिनं हाताला धरून नेलं नाही. नुसतं म्हणाली, “सरळ सहा पावलं, मग डावीकडे खुर्ची.” सहाच पावलं होती.

पहिला पंखा सुरू झाला. सुरुवातीला छान वाटला, शांत. मी कान जवळ नेला. प्रत्येक फेरीला आत कुठेतरी बारीक टिक् होत होतं.

“याची टिकटिक ऐकू येतेय तुम्हाला?”

तिनंही कान लावला. “मला नाही येत. थांबा. हो, आली. अगदी बारीक आहे.”

“माइकला ती माझ्याआधी ऐकू येईल.”

दुसरा पंखा जास्त मोठ्यानं बोलत होता. पण नुसता हवेचा झोत, एकसारखा, झाडाखाली बसल्यावर येतो तसा.

“याचा आवाज मोठा आहे की,” ती म्हणाली.

“असू दे. सलग आवाज नंतर पुसून काढता येतो. टिकटिक शब्दांच्या मध्ये घुसते, ती निघत नाही. याच्या वायरीच्या टोकाला भोकं किती आहेत?” तिनं टोक माझ्या बोटात दिलं. मी नखानं मोजली. चार. “तीन असती तर हा कायम असाच पळाला असता, बरोबर? चार आहेत म्हणजे बोर्ड त्याला हळू करू शकतो.”

“बरोबर,” ती म्हणाली. मग विचारलं, “भाऊ, तुम्ही हे काम करता का कुठे?”

“नाही. पहिल्यांदाच घेतोय.”

“लावणार कोण?”

“मी,” असं मी म्हणालो. म्हटल्यावर मलाच नवल वाटलं, कारण तोवर मी तसं ठरवलं नव्हतं.

मग तिनं मला लावायचं कसं ते सांगितलं. एकूण चार गोष्टी होत्या आणि प्रत्येक गोष्ट तिनं माझी बोटं त्या त्या जागेवर नेऊन सांगितली. मी त्या तिला परत म्हणून दाखवल्या. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या पेस्टची एक छोटी नळी तिनं डब्यात टाकली. दादा घाम पुसत वर आला तेव्हा शेठ बिल करत होते.

“घेतला?” दादानं डबा हातात घेतला. “एवढासा?”

“एवढासाच.”

परतीच्या वाटेवर नशिराबादजवळ तो म्हणाला, “उद्या सुट्टी आहे मला. सकाळी बसवून टाकू.”

“मी बसवणार आहे, दादा.”

त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. वारा फार होता.

रविवारी सकाळी मी आंघोळ करून खोलीत आलो. टेबलाजवळ स्क्रू खाली पडल्याचा आवाज झाला आणि दादा म्हणाला, “झालं बघ. लावला. एकदम फिट्ट.”

मी ओल्या टॉवेलसकट तसाच उभा राहिलो.

“मी लावणार होतो.”

“अरे, चार खुंट्या दाबायच्या होत्या. पाच मिनिटांचं काम. तू कशाला हात कापून घेतोस? ते पत्रे ब्लेडसारखे आहेत.” त्याचा आवाज खुशीत होता. “चल, चालू कर. आणि वाचायला बस.”

भांडायला तोंड उघडलं होतं, पण सोमवार दुसऱ्या दिवशीच होता. मी टेबलाशी जाऊन बसलो. वहिनींनी खिडक्या लावल्या, खोलीतला कूलर बंद केला. मी तापमान सांगणारा प्रोग्राम सुरू केला. इअरफोनमधला आवाज आकडे बोलू लागला. अठ्ठावन्न. त्रेसष्ट. मी पहिलं पान वाचायला घेतलं. पानाच्या मध्यावर आकडा ऐंशीवर गेला. नवा पंखा वेग घेऊ लागला. अठ्ठ्याऐंशी. पंच्याण्णव. मग खटकन सगळं बंद.

खोलीत नुसती घामाची शांतता.

“गरमच आहे की तो अजून,” दादा दारातून म्हणाला. “मी म्हणत होतो ना, मोठा घ्यायला हवा होता. एवढ्याशा डबड्यानं काय होणार?” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून असेल, आवाज खाली आणला. “जाऊ दे. जून काही लांब नाही. पतपेढीत एसी आहे.”

तो हे प्रेमानं बोलला होता. म्हणूनच ते जास्त लागलं. मी खुर्चीत बसून राहिलो. टिकटिक ऐकणारा, भोकं मोजणारा, सुतळीला गाठी मारणारा मी, आणि घेतलं काय तर एक डबडं. संस्थेतल्या बाईंना फोन करून नाही म्हणून सांगावं, असंही मनात आलं.

पण जुना पंखाही तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत टिकायचा. हा तर पहिल्या पानाच्या मध्यावरच गेला. तीन नळ्यांचा कूलर त्या तळहाताएवढ्या पंख्यापेक्षा वाईट कसा असेल? मी मनातल्या मनात नजमाच्या चार गोष्टी म्हटल्या. जुनी पेस्ट कापडानं पुसून काढायची. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. खुंट्या तिरक्या क्रमानं दाबायच्या, प्रत्येकीचा टक् असा आवाज यायला हवा. आणि चौथी...

“दादा, मी उघडतोय.”

“थांब, मी उघडतो. तू राहू...”

“नको.” मी एवढ्या मोठ्यानं बोललो की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. “तू हात लावू नको.”

झाकण काढलं. पंख्याची वायर सोडवली. एकेक खुंटी फिरवून वर ओढली. एका पत्र्यानं अंगठ्याला चिरलं, पण ते मी त्याला कळू दिलं नाही. कूलर सुटून हातात आला. मी तो उलटा केला आणि खालच्या बाजूनं बोट फिरवलं. तिथे तांब्याच्या तीन नळ्यांच्या रेघा लागायला हव्या होत्या. बोटाला लागलं ते पेस्टनं बरबटलेलं, गुळगुळीत, किंचित सुरकुतलेलं प्लास्टिक. नखानं कड पकडून मी ते ओढलं. पातळ पट्टी सर्र करून निघाली. कारखान्यातून येताना तळाला ओरखडे पडू नयेत म्हणून ती चिकटवलेली असते. लावण्याआधी आठवणीनं काढा, असं नजमानं मला दोनदा सांगितलं होतं. मला सांगितलं होतं, दादाला नाही. तो तेव्हा मोटारसायकल हलवायला गेला होता. आणि लावताना त्यानं मला विचारलं नव्हतं.

मी पट्टी हवेत धरली. वीस वर्षं इंजिनं उघडून परत जोडणारा माणूस होता दादा. काय झालं ते त्याला माझ्याइतकंच कळलं.

वहिनी दारात आल्या. “काय झालं हो? कशाची ओरड?”

“काही नाही, वहिनी,” मी म्हणालो. “ही एक पट्टी काढायची राहून गेली माझ्याकडून.”

“त्याच्याकडून नाही,” दादा म्हणाला. “माझ्याकडून.”

वहिनी आत गेल्या. दादा पलंगावर बसला. पलंग करकरला. मला वाटलं, आता तो हसण्यावारी नेईल, किंवा दुकानदाराला चार शिव्या घालेल. तो बोलला ते भलतंच.

“तू आठवीत होतास,” तो म्हणाला. “आईनं अंगणात कुरडया घातल्या होत्या, खाटेवर. दिवेलागण झाली होती. तू बाहेरून पळत आलास आणि सरळ खाटेवर जाऊन आदळलास. सगळ्या कुरडयांचा चेंदा झाला. मी तुझ्या कानाखाली वाजवली. म्हणालो, डोळे फुटले का तुझे?”

मी हातातला कूलर मांडीवर ठेवला.

“पुढे तीन वर्षांनी मुंबईच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, याला संध्याकाळचं दिसत नाही असं कधी वाटलं नाही का तुम्हाला? धडपडायचा का? मी म्हणालो, नाही.” पलंग पुन्हा करकरला. “खोटं बोललो रे. डॉक्टरला सांगायचीसुद्धा लाज वाटली. तेव्हा नेलं असतं तर...”

“तेव्हाही इलाज नव्हता, दादा. डॉक्टरच म्हणाले होते.”

“ते मला कळतं. पण हात माझा होता ना.”

मी खरंच आठवून पाहिलं. कुरडया आठवल्या. आई वैतागून हसली होती तेही आठवलं. थप्पड आठवेना. ज्या थपडेच्या भरपाईसाठी तो बारा-तेरा वर्षं माझ्या बुटांच्या नाड्या बांधत होता, ती माझ्याकडे नव्हतीच. ती एकट्या त्याच्याकडेच होती.

“मला आठवतच नाही ती,” मी म्हणालो.

“नक्की?”

“शपथ.”

त्यानं नाक ओढलं. नंतर त्याचा हात माझ्या हातावर आला आणि अंगठ्याच्या चिरेवर थांबला. “कापलंस ना शेवटी.”

“कापलं. फार नाही.”

मला वाटलं, आता तो म्हणणार, तू राहू दे. त्यानं माझ्या हातात कापड दिलं. “तू लाव. मी इथे बसतो. विचारलंस तर सांगेन.”

मी तळ पुसला, प्रोसेसर पुसला. बोटाला पेस्ट राहिली नाही याची दोनदा खात्री केली. नळीतून तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट काढली. “मधोमध आहे का?” मी विचारलं. “किंचित उजवीकडे,” दादा म्हणाला. “आता बरोबर.” कूलर सरळ धरून खाली टेकवला. चारही खुंट्या भोकांवर आल्या आहेत का हे करंगळीनं चाचपलं. एक दाबली. टक्. तिच्या तिरकी समोरची. टक्. तिसरी बसेना. मी जोर लावत होतो आणि दादाच्या श्वासावरून मला कळत होतं, की त्याचे हात शिवशिवताहेत. तो जागचा हलला नाही. फक्त म्हणाला, “अंगठा सरळ ठेव. वजन खांद्यातून येऊ दे. बोटातून नको.” इंजिनाच्या कामातली युक्ती होती ती. बारा वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा त्याच्या कामातलं काही शिकवलं. टक्. चौथी आपोआप बसली.

झाकण बरोबर लागलं. खिडक्या बंद, खोलीतला कूलर बंद. आकडे सुरू झाले. सत्तेचाळीस. त्रेपन्न. मी वाचायला लागलो. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. एकोणसत्तर. एकाहत्तर. पाचव्या पानाला एकाहत्तर, नवव्या पानाला एकाहत्तर. पंखा कुठेतरी दूर झाडाखाली बसल्यासारखा फिरत होता. मान्सूनचे वारे, मग काळी मृदा, मग तापीचं खोरं. घाम पाठीवरून ओघळत होता आणि मी वाचत होतो. दादा पलंगावर बसून होता. एकदाही हलला नाही, खोकलासुद्धा दाबून धरला. वीस पानं मी एका बैठकीत संपवली.

रेकॉर्डिंग बंद केल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, “तापीचं खोरं म्हणजे आपलंच ना?”

“आपलंच.”

“छान सांगितलंस.”

मंगळवारी संध्याकाळी बाईंचा फोन आला. आवाजाबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, “आता फक्त तुम्ही ऐकू येता.” मला बारावीची तीन पुस्तकं मिळाली होती, सहा महिन्यांचं काम. करारासाठी आणि दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पुढच्या आठवड्यात पुण्याला बोलावलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत मी किती पुस्तकं वाचली याचा हिशेब ठेवलेला नाही, पण काम कधी थांबलं नाही. अधूनमधून एखादा विद्यार्थी फोन करतो आणि मी हॅलो म्हटलं की हसतो. म्हणतो, सर, तुम्ही भूगोल.

मला सांगायचंय ते मात्र त्या आठवड्यातलं आहे. दादा शेडमधून येताना स्टेशनवर जाऊन तिकीट काढून आला. मी हात पुढे केला. कागद हातात आला. मी तो अंगठ्यानं चाळला. एकच होता.

“दुसरं?” मी विचारलं.

“दुसरं कशाला? मला ड्युटी आहे दोन्ही दिवस.” त्यानं घसा साफ केला. “खालचा बर्थ आहे. त्या संस्थेतल्या बाई पुण्याला स्टेशनवर कुणाला तरी पाठवणार आहेत ना? मग झालं.”

त्यानं मला गाडीत बसवलं नाही. प्लॅटफॉर्मवर डब्याच्या दाराशी उभा राहिला, बाकड्यांची संख्या सांगितली आणि गाडी हलेपर्यंत तिथेच थांबला. मी काठी उघडून माझी जागा शोधली.

पुण्याहून परत आलो तेव्हा वहिनींनी मला चहा देताना हळूच सांगितलं. दादाची कसलीही ड्युटी नव्हती. दोन दिवसांची रजा त्यानं आधीच मंजूर करून घेतली होती. ते दोन्ही दिवस तो घरीच होता, पुढच्या खोलीत खुर्चीवर, फोन मांडीवर घेऊन.

“जेवलेसुद्धा तिथेच,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हटलं, एवढी काळजी वाटते तर करा की एक फोन. तर म्हणाले, नको. त्याला लागलं तर तो करेल.”